पाणी उलटे फिरले तेव्हा

शिकागो शहरात १९२०-३०च्या दशकांत ज्या घरात पाळणा हलला, त्या घराला डॉ. हर्मन बुंडेसेन हे नाव माहीत असायचेच. हे महापालिकेच्या आरोग्य खात्याचे प्रमुख. बाळाला अंगावर कसे पाजावे, त्याला कधी निजवावे, ताप आला तर काय करावे, हे सांगणारी पुस्तिका ते नव्या आयांना घरपोच पाठवत. वर्तमानपत्रांत त्यांचा मजकूर असे, रेडिओवर आवाज ऐकू येई, आणि फोटोत झळकायला त्यांना मनापासून आवडे. सरकारी डॉक्टरला प्रसिद्धीची हौस असणे आपल्याकडे जरा कमीपणाचे मानतात. बुंडेसेन यांच्या बाबतीत ती हौस हेच हत्यार होते. म्हणूनच १९३३ साली ते काही आठवडे गप्प राहिले, ही गोष्ट त्यांना आयुष्यभर चिकटली.

त्यांचा जन्म १८८२ सालचा, बर्लिनचा. लहानपणीच ते शिकागोत आले आणि तिथलेच झाले. १९०९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि काही वर्षांत महापालिकेच्या आरोग्य खात्यात साथरोगांचे काम पाहू लागले.

त्या काळचे शिकागो समजून घ्यायचे तर आधी तिथले पाणी समजून घ्यावे लागते. शहर मिशिगन सरोवराच्या काठावर. पिण्याचे पाणी सरोवरातून घ्यायचे आणि शहराचा मैला शिकागो नदीतून त्याच सरोवरात सोडायचा, असा एकोणिसाव्या शतकातला कारभार होता. १८९१ साली तिथे दर लाख वस्तीमागे १७४ माणसे एकट्या विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, दगावली. मग शहराने अचाट काम केले. मोठा कालवा खोदून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, म्हणजे घाण सरोवराऐवजी दुसऱ्या बाजूला जाईल. पुढे पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात झाली. १९२०च्या दशकात टायफॉइडचे मृत्यू लाखामागे एक-दोनवर आले. शहराच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की आपले पाणी आता शुद्ध आहे. ते खरेही होते, रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपुरते.

१९२२ मध्ये बुंडेसेन आरोग्य आयुक्त झाले. दोन वर्षांनी, १९२४ च्या हिवाळ्यात, टायफॉइड अचानक वाढला. थंडीत टायफॉइड वाढणे विचित्र, आणि रुग्णही विचित्र होते. गरीब वस्तीतले नव्हेत, तर क्लबात आणि मेजवान्यांना जाणारे सुखवस्तू लोक. चौकशी केल्यावर धागा कच्च्या कालवांशी जुळला. शिंपल्यातली ही कालवे तिकडे लिंबू पिळून कच्चीच खातात, आणि ती सांडपाणी मिसळणाऱ्या खाडीतून आलेली होती. बुंडेसेन यांनी ताबडतोब जाहीर इशारा दिला. कालवांचा धंदा बसला, व्यापारी खवळले, पण निदान बरोबर ठरले. न्यूयॉर्क आणि इतर शहरांतही तीच साथ होती. एकूण दीड हजारांवर रुग्ण आणि सुमारे दीडशे मृत्यू झाले. त्यातूनच कालवांच्या स्वच्छतेचा देशव्यापी कार्यक्रम पुढच्या वर्षी उभा राहिला. १९२६ मध्ये क्षयरोगाची तपासणी न झालेल्या गुरांचे दूध शहरात येण्यास बंदी झाली. तेव्हाही दूधवाल्या शेतकऱ्यांचा रोष पत्करावा लागला.

म्हणजे हा माणूस व्यापाऱ्यांना घाबरणारा नव्हता, हे आधी नोंदवून ठेवू.

मधल्या काळात राजकारणाने त्यांना गिळले. महापौर थॉम्पसन यांच्याशी खटके उडाले आणि आयुक्तपद गेले. १९२८ च्या निवडणुकीत ते परगण्याचे कॉरोनर म्हणून निवडून आले. अपमृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी तिथे निवडून द्यायचा असतो. लगेच पुढच्या वर्षी, १४ फेब्रुवारी १९२९ ला, गुंडांच्या टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. बुंडेसेन यांनी गोळ्या आणि बंदुका तपासणारे तज्ज्ञ कॅल्व्हिन गोडार्ड यांना बोलावले. त्यातूनच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुन्हेशोधाची शास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. १९३१ मध्ये महापौर बदलले आणि बुंडेसेन आरोग्य मंडळाचे अध्यक्ष म्हणून परतले.

आता १९३३. जागतिक मंदीचा सर्वांत वाईट काळ. शिकागो महापालिकेकडे शिक्षकांचे पगार द्यायला पैसे नव्हते. अशात सरोवराच्या काठी २७ मे रोजी भव्य जागतिक प्रदर्शन सुरू झाले. त्या हंगामात दोन कोटींहून अधिक लोक ते पाहून गेले. हॉटेले भरली, टॅक्सीवाल्यांच्या हातात पैसे खुळखुळले. कंगाल शहराला मिळालेला हा एकमेव श्वास होता.

ऑगस्टच्या मध्यावर आरोग्य खात्याकडे अमीबाच्या आमांशाच्या दोन रुग्णांची खबर आली. दोघांचा धागा मिशिगन अव्हेन्यूवरच्या काँग्रेस हॉटेलशी जुळत होता. हा आमांश आपल्या परिचयाचा. एन्टअमीबा हिस्टोलिटिका नावाचा एकपेशीय जीव मोठ्या आतड्याला व्रण पाडतो, पोटात मुरडा येतो, शौचातून आव आणि रक्त पडते. काहींत तो यकृतात शिरून पू धरतो, आणि तसे रुग्ण आमच्या वॉर्डात अजूनही येतात. अमेरिकन डॉक्टरांना मात्र हा उष्ण प्रदेशातला परका रोग वाटे. त्यावरचे एमेटिनचे इंजेक्शनही कलकत्त्याहून आलेले ज्ञान होते. १९१२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी तिथे त्याचा उपयोग दाखवून दिला होता.

त्या वेळचा समज असा होता, की हा रोग सहसा साथीने पसरत नाही. आतड्यात अमीबा बाळगणारा, स्वतः ठणठणीत असलेला एखादा आचारी किंवा वाढपी हात न धुता अन्नाला हात लावतो, आणि इकडे एक, तिकडे एक असा रुग्ण निघतो. बुंडेसेन यांच्या लोकांनी हॉटेलच्या कर्मचाऱ्यांचे शौच तपासले. काहींत अमीबा सापडला. त्यांना स्वयंपाकघरातून बाजूला काढले, औषधे दिली. गुन्हेगार सापडला असे वाटले. कालवांच्या आणि दुधाच्या लढाया जिंकलेल्या माणसाची नजर आधी ताटाकडे जावी, यात मला नवल वाटत नाही. शिवाय शहराचे पाणी शुद्ध होते, रोज तपासले जात होते.

ऑक्टोबरात इंडियानापोलिसला सार्वजनिक आरोग्य संघटनेची परिषद भरली. तिथे बुंडेसेन यांनी या मोजक्या रुग्णांचा शास्त्रीय वृत्तांत मांडला. म्हणजे सहकारी डॉक्टरांना सांगितले, पण सामान्य जनतेला नाही. रोज हजारो प्रवासी शिकागोत उतरत होते आणि निघून जात होते. या रोगाची मेख अशी, की पाणी प्यायल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. प्रवासी तोवर आपापल्या गावी पोचलेला असतो. तिथल्या डॉक्टरने हा रोग आयुष्यात पाहिलेला नसतो. पोटात उजव्या बाजूला दुखते, ताप आहे, म्हणून तो अपेंडिक्सचे निदान करतो आणि पोट उघडतो. अमीबाने पोखरलेले आतडे ओल्या कागदासारखे असते, टाका धरत नाही. या साथीतले बरेच मृत्यू रोगाइतकेच चुकीच्या शस्त्रक्रियेचे होते. वेळेत कोणी सांगितले असते तर एमेटिनची सुई पुरली असती.

नाइट क्लबांची त्या काळची मशहूर यजमानीण टेक्सस गिनन त्या हंगामात शिकागोत कार्यक्रम करून पुढे दौऱ्यावर गेली होती. ५ नोव्हेंबर १९३३ ला कॅनडातल्या व्हँकुव्हरला ती याच आमांशाने, शस्त्रक्रियेनंतर, वारली. वय ४९. ती याच साथीची बळी मानली जाते. इतर शहरांतले डॉक्टरही शिकागोहून परतलेल्यांची प्रकरणे एकमेकांना सांगू लागले होते. बुंडेसेन यांनी जाहीर निवेदन केले तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता आणि प्रदर्शनाचा हंगाम संपत आला होता. १२ तारखेला तो संपलाही.

टीका व्हायची ती झाली. प्रदर्शनाचा धंदा बुडू नये म्हणून साथ दडपली, असा आरोप झाला. बुंडेसेन यांची बाजू अशी होती, की ऑगस्टमध्ये रुग्ण फार थोडे होते, उगम सापडून बंद केला होता, आणि अशा रोगाची साथ येते हे कोणत्याच पुस्तकात नव्हते. मला यातला निम्मा भाग पटतो. ऑगस्टमध्ये त्यांना साथ दिसली नसेल. पण कालवांच्या वेळी जो माणूस संशयावर बोलला, तो इथे खात्रीची वाट पाहत बसला. या दोन प्रसंगांत फरक एवढाच, की कालवे दुसऱ्या गावची होती आणि हॉटेल स्वतःच्या शहराचे होते. सरकारी नोकरीत अशा दबावाचा कागद कधी निघत नाही, आणि तरीही तो सगळ्यांना कळतो.

यापुढे बुंडेसेन यांनी जे केले ते मात्र दाद देण्यासारखे आहे. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावले. राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे डॉ. जॉर्ज मॅकॉय त्यात होते. आणि आपल्या खात्यातले अभियंते जोएल कॉनोली यांना त्यांनी हॉटेलच्या पाइपांमागे लावले. डॉक्टर शौचाचे नमुने बघत असताना या माणसाने तळघरे, छतामागच्या पोकळ्या आणि न्हाणीघरे पालथी घातली.

रुग्णांची यादी वाढत होती आणि नकाशा स्पष्ट होत होता. बहुतेक सगळे दोन हॉटेलांत राहिलेले वा जेवलेले, काँग्रेस आणि समोरचे ऑडिटोरियम. काँग्रेस हॉटेल १८९३ च्या आधीच्या जागतिक प्रदर्शनासाठी, ऑडिटोरियमची पुरवणी म्हणूनच बांधले गेले होते. रस्त्याखालून दोघांना जोडणारा भुयारी मार्ग होता, आणि ऑडिटोरियमला पाणीही काँग्रेसकडूनच जात होते. म्हणजे दोन इमारतींचे पाणी एक. आचाऱ्यांच्या पोटात सापडलेल्या अमीबाकडे आता वेगळ्या नजरेने पाहावे लागले. तेही तेच पाणी पीत होते. ज्यांना गुन्हेगार ठरवले, ते बहुधा स्वतःच बळी होते.

इमारतीच्या पोटात काय सापडले? चाळीस वर्षांत ठिगळे लावत वाढलेली नळयोजना. पिण्याच्या थंड पाण्याच्या टाकीवरून गेलेला, गळणारा मैलापाइप. सांडपाण्याच्या आणि पाण्याच्या नळांचे नको तिथे झालेले जोड. आणि न्हाणीघरांत अशी उपकरणे, ज्यांतले घाण पाणी उलटे नळात ओढले जाऊ शकत होते.

हे उलटे ओढले जाणे नीट समजून घेण्यासारखे आहे. नळातले पाणी आपल्याकडे येते, कारण नळात दाब असतो. दाब गेला की पाण्याला दिशा उरत नाही. समजा दहा मजली इमारत आहे. तळमजल्यावर प्लंबरने मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि खालचा एक नळ उघडा राहिला. वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपात उभे असलेले पाणी खाली धावते आणि आपल्या मागे पोकळी सोडते. ती पोकळी काहीतरी ओढून घेणारच. वर एखादा नळ हवेत उघडा असेल तर हवा ओढली जाईल, काही बिघडणार नाही. पण वरच्या बाथटबचे नळाचे तोंड टबातल्या पाण्याखाली बुडालेले असेल, तर अंघोळीचे पाणी नळात चढेल. शौचकूपाची फ्लशनळी थेट पाण्याच्या पाइपाला जोडलेली असेल आणि भांडे तुंबलेले असेल, तर काय चढेल ते सांगायला नको. पूर्ण निर्वात झाले तर पाणी सुमारे दहा मीटर उंच ओढले जाऊ शकते, त्यामुळे एक-दोन मजल्यांचे अंतर म्हणजे काहीच नाही. मग व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो, दाब येतो, आणि पाइपात शिरलेली घाण दुसऱ्याच मजल्यावरच्या पेल्यात पडते. दुरुस्तीला व्हॉल्व्ह बंद करणे, आग विझवायला बंबांनी एकदम पाणी खेचणे, रस्त्यातली जलवाहिनी फुटणे, यातले काहीही पुरते.

आणि क्लोरीन? मुख्य वाहिनीतल्या पाण्यात तो असतो, पण नेहमीच्या मात्रेत टायफॉइडचे जंतू मरतात, अमीबाची कवचबंद गाठ मरत नाही. शहराचे शुद्ध पाणी हॉटेलच्या दारापर्यंत शुद्धच आले होते. बिघडले ते दाराच्या आत.

कल्पना तशी अगदी नवी नव्हती. १८७३ मध्ये केंब्रिजच्या केयस महाविद्यालयात टायफॉइड पसरला, तेव्हा डॉ. जॉर्ज ब्युकॅनन यांनी असाच माग काढला होता. पाणीपुरवठा खंडित झाला की शौचालयाच्या नळीतून हवा आणि घाण मुख्य नळात ओढली जात होती. पण ते एका वसतिगृहाचे प्रकरण म्हणून अहवालात राहिले. शिकागोत अंतिम मोजदाद झाली तेव्हा रुग्ण १,४०९ आणि मृत्यू ९८ भरले, अमेरिकेभर आणि कॅनडात विखुरलेले. ही संख्या दुर्लक्षित करणे कोणाला शक्य नव्हते.

१९३४ मध्ये प्रदर्शनाचा दुसरा हंगाम भरायचा होता. त्याआधी हॉटेलांची नळयोजना दुरुस्त करून घेण्यात आली आणि शहरातल्या इतर मोठ्या इमारतींची तपासणी सुरू झाली. तिथेही ठिकठिकाणी असेच धोकादायक जोड निघाले. या अनुभवातून आणि नंतरच्या वर्षांतल्या प्रयोगांतून नळकामाचे नियम कडक होत गेले. त्यातला सर्वांत साधा नियम आपल्या घरातही दिसतो. हात धुण्याच्या बेसिनचा नळ बेसिनच्या काठापेक्षा उंच असतो, तो दिसायला बरा म्हणून नव्हे. नळाचे तोंड आणि भांड्याचा काठ यांत नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट मोकळी हवा हवी, असा तो नियम. याला एअर गॅप म्हणतात. बेसिन काठोकाठ तुंबले तरी पाणी नळाला शिवू शकत नाही. यात बिघडण्यासारखे काही नाही, कारण यंत्रच नाही, फक्त रिकामी जागा आहे. जिथे अशी जागा सोडता येत नाही, उदाहरणार्थ थेट जोडलेल्या फ्लशला, तिथे व्हॅक्यूम ब्रेकर बसवायचा. पाइपात पोकळी झाली की तो आपोआप बाहेरची हवा आत घेतो आणि ओढ तुटते. आणि पिण्याच्या पाण्याचा नळ न पिण्याच्या कोणत्याही नळाला थेट जोडायचा नाही, मध्ये व्हॉल्व्ह असला तरी नाही. व्हॉल्व्ह गळतो, आणि कधीतरी कोणीतरी तो उघडतो.

आपल्याकडे हा विषय परका वाटू नये. बहुतेक गावांत नळाला दिवसातून ठरावीक वेळच पाणी येते, म्हणजे उरलेले तास जलवाहिनीत दाबच नसतो. जे शिकागोत अपघाताने घडे, ते इथे रोजच्या वेळापत्रकात बसलेले आहे. गटारातून गेलेली गंजकी नळजोडणी, हौदात बुडवून ठेवलेली रबरी नळी, पाणी जोरात यावे म्हणून थेट लाइनला लावलेली मोटर, या तिन्ही गोष्टी दाब नसलेल्या नळाला घाण ओढण्याची वाट करून देतात. मोटर तर स्वतःच ओढते, तीही शेजाऱ्याच्या नळातून. पावसाळ्यात एकाच गल्लीत दहा-बारा जुलाबाचे रुग्ण एकदम आले, की आम्ही नगरपालिकेला आधी तिथल्या नळजोडण्या बघायला सांगतो.

साथीचा सविस्तर अहवाल १९३६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केला. लेखकांत कॉनोली आणि मॅकॉय यांच्याबरोबर बुंडेसेन यांचेही नाव आहे. आपला पहिला तर्क अपुरा होता हे ज्या कागदावर सिद्ध होते, त्यावर त्यांनी स्वतःचे नाव घातले. त्याच वर्षी त्यांनी इलिनॉय राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवली आणि ते हरले. मग पुन्हा आरोग्य खात्यात, पुन्हा बाळांकडे आणि साथींकडे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी त्यांनी शहरात खास व्यवस्था उभी केली. सिफिलिस हा शब्दही वर्तमानपत्रे छापायला कचरत, अशा काळात १९३७ मध्ये त्यांनी त्याच्या मोफत रक्ततपासणीची मोहीम शहरभर राबवली. या खेपेस प्रसिद्धीत त्यांनी हात आखडता घेतला नाही.

१९६० साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ऑडिटोरियम हॉटेल १९४०च्या दशकात बंद पडले आणि ती इमारत एका महाविद्यालयाला गेली. काँग्रेस हॉटेलची इमारत मिशिगन अव्हेन्यूवर आजही उभी आहे.